नकाशावर ‘पांढर’ आहे, जमिनीवर गाव नाही : नकाशे जमवणाऱ्यांसाठी धागा

रानवाट (सोमवार, रात्री १०.४०)

मंडळी, गुंजवण्यातून राजगड चढताना अर्ध्या वाटेत नकाशाचा कागद बदलावा लागतो. भारतीय सर्वेक्षण विभागाच्या जुन्या क्रमांकांत गुंजवणे गाव ४७ एफ/११ या शीटवर आणि बालेकिल्ला ४७ एफ/१२ वर. १८ अंश १५ मिनिटांची अक्षांशरेषा मधूनच जाते. कॉलेजात असताना या दोन शीटच्या झेरॉक्स मी कणकेच्या खळीने चिकटवल्या होत्या. सांध्यावर समोच्च रेषा, म्हणजे सारख्या उंचीच्या जागा जोडणाऱ्या रेषा, जुळवायला तासभर लागला. त्या दिवसापासून जे वेड लागलं ते सोळा वर्षं झाली तरी उतरलेलं नाही.

नवीन लोकांसाठी क्रमांकाचं थोडं सांगतो, कारण एकदा ते समजलं की अख्खा देश कपाटात लावता येतो. ४७ म्हणजे ४ अंश गुणिले ४ अंशांचा चौकोन. त्याचे १६ भाग, ए ते पी. प्रत्येक भागाचे पुन्हा १६. हे आकडे वरून खाली उतरतात, मग शेजारच्या रांगेत जातात. शेवटी हाती येतो तो १५ मिनिटांचा चौकोन आणि २ सेंमी म्हणजे १ किमी. सिंहगड एफ/१५ वर, हरिश्चंद्रगड ई/१५ वर. दोन समोच्च रेषांमधलं उंचीचं अंतर २० मीटर. कड्यापाशी त्या इतक्या दाटतात की नुसता तपकिरी पट्टा उरतो. हरिश्चंद्रगडाचा कोकणकडा तर आत वळलेला आहे, त्याला समोच्च रेषेत बसवणार कसं? तिथे कागद हात टेकतो आणि गावातला वाटाड्या लागतो.

आता धागा काढायचं कारण. परवा एका जुन्या शीटचं स्कॅन मिळालं, एक इंचाला एक मैल मापाचं. नदीच्या वळणावर, दोन गावांच्या मध्ये, बारीक रोमन अक्षरांत ‘पांढर’ लिहिलंय. घरांच्या खुणा नाहीत, देवळाची नाही, विहिरीची नाही. आजच्या विभागीय शीटवर ते नाव नाही, मोबाईलमधल्या कुठल्याच नकाशात नाही. उपग्रहाच्या चित्रात शेतं दिसतात, आणि एका तुकड्याची माती आजूबाजूपेक्षा फिकट.

हे नाव तिथे का लिहिलं असेल? आणि तुमच्याकडे कोणकोणते नकाशे आहेत तेही लिहा. छापील, हाताने काढलेले, मोबाईलवर स्वतः बनवलेले, सगळे चालतील.

माणदेशी (सोमवार, रात्री ११.१५)

काळी आणि पांढरी, दादा. पिकाची जमीन ती काळी, वस्तीची ती पांढरी. माणसं आणि जनावरं पिढ्यानपिढ्या राहिली की राख, शेण, पडक्या भिंतींची माती मिसळून जमीन पांढरट होते. आमच्याकडे अजून म्हणतात, ‘पांढरीत घर आहे, काळीत विहीर आहे’. तिथं गाव होतं.

साखळीदार (मंगळवार, सकाळी ६.३०)

माणदेशी यांनी बरोबर सांगितलं. मी मोजणी खात्यात चौतीस वर्षं काढली, भूकरमापक म्हणून लागलो. दप्तरात अशा गावांना ‘बेचिराग’ म्हणतात. चिराग नाही, दिवा लागत नाही, असं गाव. महसुली गाव म्हणून नाव असतं, शीव असते, गाव नकाशा असतो, सातबारे असतात, राहणारं कोणी नसतं. पटकी, प्लेग, दुष्काळ, नदीचं पाणी चढणं, कारणं अनेक. तुमचं ‘पांढर’ याहून जुनं असेल, म्हणजे स्वतंत्र गाव म्हणून दप्तरात आलंच नसेल, फक्त शेताच्या नावात राहिलं असेल.

तुम्ही टोपोशीटवर शोधताय. गाव नकाशा काढा. टोपोशीट डोंगर आणि नद्या सांगते, गाव नकाशा जमीन कोणाची आणि वाट कुठून ते सांगतो. त्यावरची तुटक एकेरी रेषा म्हणजे पाऊलवाट, रुंदी सव्वाआठ फूट. तुटक दुहेरी रेषा म्हणजे गाडीवाट, साडेसोळा ते एकवीस फूट. भावकीतली किती भांडणं या दोन रेषांवर मिटलेली मी पाहिली आहेत. नकाशे आता महाभूनकाशा या संकेतस्थळावर घरबसल्या दिसतात.

आणि टिपण विसरू नका. गाव नकाशा प्रमाणात काढलेला असतो, टिपण तसं नसतं. प्रत्येक सर्व्हे नंबरची हातची आकृती, बाजूंवर साखळी-आण्यांत लिहिलेली मापं. साखळी ३३ फुटांची, तिचे १६ आणे. ३३ गुणिले ३३ म्हणजे १०८९ चौरस फूट, आणि तोच एक गुंठा. आपण आज ‘दोन गुंठे जागा’ म्हणतो तेव्हा दोन चौरस साखळ्याच बोलत असतो.

आपल्या भागातली ही मोजणी १८३० च्या दशकात इंदापूर तालुक्यात बसली, विंगेट आणि गोल्डस्मिड या दोन ब्रिटिश अधिकाऱ्यांच्या हाताखाली. त्याआधीची प्रिंगलची मोजणी फसली होती. मी स्वतः शंकू-साखळीवर शिकलो, मग फलकयंत्र आलं, म्हणजे जागेवरच नकाशा काढायची तिपाईवरची फळी, शेवटची वर्षं उपग्रहावरून जागा टिपणाऱ्या रोव्हर यंत्रावर काढली. रोव्हरने दहा मिनिटांत जे होतं त्याला पूर्वी अख्खा दिवस जायचा, हे खरं. पण साखळी ओढताना शेजारचे चार शेतकरी बांधावर येऊन बसायचे आणि कुठल्या बांधाचं नाव काय, कुठलं झाड कोणी लावलं, सगळं सांगायचे. मी ते टिपणाच्या मागे पेन्सिलीने लिहून ठेवायचो. लिहिण्याचा नियम नव्हता. पुढे त्या टिपणांच्या नव्या प्रती निघाल्या, त्यांत पाठीमागचं काहीच आलं नाही. त्याची हळहळ अजून वाटते.

ऑस्टिनकरीण (मंगळवार, रात्री ८.०५)

साखळीदार काका, तुमचा प्रतिसाद दोनदा वाचला. वाचनखूण साठवली.

मी टेक्सासात ऑस्टिनला असते. इथल्या विद्यापीठाच्या पेरी-कास्टान्येडा ग्रंथालयाने अमेरिकी लष्कराच्या नकाशा खात्याची भारताची शीटं स्कॅन करून सर्वांसाठी खुली ठेवली आहेत. मालिका यू ५०२, प्रमाण १:२,५०,०००, बरीचशी १९५० च्या दशकातली. आपल्याकडे कोकणातली शीटं मिळत नव्हती तेव्हा कितीतरी ट्रेकर हीच छापून घ्यायचे. पाऊलवाटेसाठी उपयोग कमी, पण धरणांच्या आधीचं खोरं पाहायचं तर फार मोलाची.

माझ्या आजीचं माहेर कोयनेच्या पाण्याखाली गेलं. आजी वारली तेव्हा मी इथे होते, जाता आलं नाही. त्या रात्री ते शीट उघडून बसले. शिवसागर जलाशय त्यावर नाही, नदीची बारीक निळी रेघ आहे आणि दोन्ही काठांना गावांचे ठिपके. तिचं गाव सापडलं. इंग्रजी हिज्जे इतके वेगळे होते की मोठ्याने वाचल्यावरच कळलं. छापून फ्रेम केलंय, स्वयंपाकघरात लावलंय.

रानवाट (मंगळवार, रात्री ९.५०)

ताई, काय लिहिलंत. ते शीट मीही जपून ठेवलंय, आता ते तुमच्या आजीचं म्हणून उघडेन.

हिज्ज्यांचा मुद्दा माझ्या जिव्हाळ्याचा आहे. रोमन लिपीत ‘ळ’ नाही. नकाशा इंग्रजीत झाला की नाळेची नाल होते, पाळीची पाली. आणि मोबाईलवर मराठी नाव दिसतं तेही बऱ्याचदा इंग्रजीवरून उलटं फिरवलेलं. मोहरीतून लिंगाण्याच्या पायथ्याला उतरते ती ‘बोराट्याची नाळ’. सिंगापूरहून दापोलीत उतरते ती ‘सिंगापूर नाळ’, आणि ही दापोली म्हणजे रत्नागिरीची नव्हे, रायगडाकडची छोटी. एका ॲपवर मी ‘नाल’ वाचलं तेव्हा पोटात कालवलं. नाळ म्हणजे दोन कड्यांमधली धोंड्यांनी भरलेली अरुंद उतरण. नाल म्हटलं की घोड्याचा खूर डोळ्यांसमोर येतो. घाटात दांड, सोंड, नाळ, नळी, खिंड, लिंगी या प्रत्येक शब्दात पुढे काय भेटणार ते सांगितलेलं असतं. अक्षर चुकलं तर इशारा गेला.

म्हणून मी गेली काही वर्षं ओपनस्ट्रीटमॅपवर मराठी नावं भरतोय. २००४ पासून जगभरातले लोक मिळून हा नकाशा करतात, कोणीही दुरुस्त करू शकतो, आणि त्यावर चालणारी ऑसमअँड किंवा ऑर्गॅनिक मॅप्ससारखी ॲपं रेंज नसतानाही चालतात. नावासाठी मराठीचा वेगळा रकाना आहे. तिथे ‘ळ’ लिहिता येतो.

कातळपुत्र (बुधवार, दुपारी १.२०)

मोबाईलवर सगळं असताना कागदी शीटांचा एवढा सोस का? विचारायचं म्हणून विचारतोय, भांडायला नाही.

रानवाट (बुधवार, दुपारी २.१०)

योग्य प्रश्न आहे. तीन वर्षांपूर्वी जूनमध्ये एका घाटात आम्ही मोबाईलवरच्या वाटेने उतरत होतो. कोणीतरी टाकलेला ट्रॅक होता, मे महिन्यातला. जिथे त्याला कोरडी घळ मिळाली तिथे आम्हाला कमरेएवढं पाणी होतं. धुकं दाट, फोन भिजून बंद. सॅकमध्ये प्लास्टिकच्या पिशवीत शीट होतं. त्यावर डावीकडच्या सोंडेवरून जुनी वाट होती आणि मधल्या पठारावर दोन घरं. दोन तासांनी त्या घरात चहा प्यायलो. ट्रॅक एका माणसाची एका दिवसाची चाल सांगतो. शीट अख्खा डोंगर दाखवतं, म्हणजे चुकल्यावर दुसरीकडून जाता येतं.

मात्र जुनं शीट आणि जीपीएस एकत्र वापरताना जपा. नकाशासाठी पृथ्वीचा आकार गणिताने धरतात, त्याला गोलाभ म्हणतात. जुनी शीटं सर्वेक्षक जॉर्ज एव्हरेस्टच्या १८३० सालच्या गोलाभावर आहेत, जीपीएस डब्ल्यूजीएस ८४ या नव्या गोलाभावर. आपल्या भागात शंभरेक मीटरचा फरक पडतो. सपाटीवर काही बिघडत नाही, कड्याच्या धारेवर शंभर मीटर म्हणजे फार झालं.

हिंगणघाटी (बुधवार, रात्री ९.३०)

एव्हरेस्टचं नाव निघालंच आहे तर त्याच्या गुरूचंही निघू द्या. विल्यम लॅम्बटन. १८०२ मध्ये मद्रासला पायारेषा, म्हणजे पुढच्या सगळ्या त्रिकोणांची पहिली बाजू, मोजून त्रिकोणमितीय सर्वेक्षण सुरू केलं तो माणूस. अर्धा टन वजनाचं थिओडोलाइट, म्हणजे कोन मोजायचं यंत्र, डोंगरांवर आणि देवळांच्या शिखरांवर चढवत तो दक्षिणेतून वर सरकला. १८२३ च्या जानेवारीत नागपूरकडे जाताना आमच्या हिंगणघाटात वारला, इथेच पुरलाय. ते काम पुढे एव्हरेस्टने उत्तरेला नेलं. नंतर राधानाथ सिकदार आणि इतरांच्या गणितातून हिमालयातल्या शिखर १५ ची उंची २९,००२ फूट ठरली, १८५६ मध्ये जाहीर झाली, आणि शिखराला नाव मिळालं ते एव्हरेस्टचं.

मी शाळेत शिकवतो. सातवीच्या मुलांना दरवर्षी त्या थडग्यापाशी नेतो. मग परत येऊन वर्गाचा नकाशा काढायला लावतो, दोरी आणि कोनमापक घेऊन. दोन कोपऱ्यांतून खिडकीचा कोन मोजायचा आणि फूटपट्टी न लावता अंतर काढायचं. पहिल्यांदा उत्तर जुळतं तेव्हा मुलं ओरडतात.

गिरणाकाठ (गुरुवार, सकाळी १०.००)

थोडा वेगळा नकाशा सांगते. डेक्कन कॉलेजने राज्य मराठी विकास संस्थेबरोबर मराठीच्या बोलींचं सर्वेक्षण केलंय, ते संकेतस्थळावर खुलं आहे. एकच वस्तू किंवा नातं घ्यायचं आणि कुठल्या गावात त्याला काय म्हणतात ते नकाशावर पाहायचं. मुलाला आमच्या अहिराणीत आंडोर, मालवणीत झील, वऱ्हाडात पोट्टा. ब्रिटिश काळातल्या ग्रिअर्सनच्या भाषा सर्वेक्षणाचा मराठीचा खंड १९०५ चा, त्याला जोडूनही बोलींचा नकाशा आहे. पण त्यात रंगवलेले पट्टे आहेत, आणि पट्टा पाहिला की वाटतं रेषेपलीकडे बोली एकदम बदलते. नव्या सर्वेक्षणात गावागावाचे ठिपके आहेत आणि ते एकमेकांत मिसळलेले दिसतात. माझ्या आईची बोली जशी आहे तशी मला तिथे दिसली.

वैनगंगा (गुरुवार, रात्री १०.१५)

मेंढा-लेखाचं नाव सगळ्यांनी ऐकलं असेल. गडचिरोलीतलं गोंड गाव, २००९ मध्ये सुमारे १८०० हेक्टर जंगलावर सामूहिक वनहक्क मिळवणाऱ्या देशातल्या पहिल्या गावांपैकी. त्यानंतर आमच्या भागात कितीतरी ग्रामसभांनी दावे केले, आणि दाव्याला नकाशा लागतो. मी तीन गावांत त्या कामाला होते.

पहिला नकाशा कागदावर नसतोच. मारुतीच्या पारापुढे अंगण सारवतात आणि बाया रांगोळीने गाव काढतात. एका गावात नदी काढली, रस्ता काढला, मग अडलं. पुरुष म्हणाले, जंगलाची हद्द नाल्यापर्यंत. एक म्हातारी उठली, रांगोळीची वाटी घेतली आणि नाल्याच्या पुढे बरीच लांब गेली. तिथे एक ठिपका दिला. म्हणाली, इथलं मोह मी वेचलंय, माझ्या सासूने वेचलंय. त्या ठिपक्यापाशी दुसऱ्या दिवशी आम्ही जीपीएस घेऊन चालत गेलो. वाटेत बायांनी एकेका झाडाचं, डबक्याचं, खडकाचं नाव सांगितलं. मी वहीत एकशे बेचाळीस नावं उतरवली. खात्याच्या नकाशात त्याच जागेला फक्त कक्ष क्रमांक आहे.

साखळीदार (शुक्रवार, सकाळी ६.१०)

वैनगंगा ताई, ती वही जपा. तिच्या तीन झेरॉक्स काढून तीन घरांत ठेवा.

कातळपुत्र (शुक्रवार, रात्री ११.४०)

पटलं. आता माझा विरोध कुठे आहे ते सांगतो. मी रत्नागिरीचा. आमच्या सड्यांवरची, म्हणजे उघड्या कातळाच्या पठारांवरची, कातळशिल्पं लोकांनी सुट्टीच्या दिवशी उन्हातान्हात चालून शोधली, गुराख्यांना विचारून. उक्षी, कशेळी, बारसू, देवाचे गोठणे, आणि इतर ठिकाणं. २०२२ मध्ये त्यातली काही युनेस्कोच्या तात्पुरत्या यादीत गेली. अभिमान वाटतो. पण एक ठिकाण असं आहे, नाव लिहीत नाही, जे कोणीतरी ऑनलाइन नकाशावर टाकलं आणि पुढच्या हंगामात त्यावरून गाड्यांची चाकं गेली. चाकोऱ्या मी स्वतः हात लावून पाहिल्या. त्यामुळे ‘सगळे नकाशे सगळ्यांना’ हे मला मान्य नाही. सांभाळणारी माणसं आधी, ठिपका नंतर.

माणदेशी (शनिवार, सकाळी ८.००)

बारवांचं, म्हणजे पायऱ्यांच्या जुन्या विहिरींचं, उलटं झालं ना पण. बारव मोहिमेतल्या लोकांनी नकाशावर टाकल्या म्हणूनच गावोगावच्या पोरांना कळलं की आपल्या उकिरड्याखाली पायऱ्या आहेत. मग साफ झाल्या, दिवे लागले.

कातळपुत्र (शनिवार, सकाळी ८.२५)

हो, कारण तिथे गाव शेजारी होतं. सड्यावर शेजार नाही.

रानवाट (शनिवार, सकाळी ९.१०)

हा फरक माझ्या लक्षात आला नव्हता. कोण शेजारी आहे ते पाहून ठरवायचं. उद्या ‘पांढरी’वर जातोय. जागा इथे लिहिणार नाही.

रानवाट (पुढचा मंगळवार, रात्री १०.००)

जाऊन आलो. साखळीदार काकांनी सांगितल्याप्रमाणे आधी गाव नकाशा काढला. ‘पांढर’ त्यावर नाही, पण नदीकडून दुहेरी तुटक रेषा येते आणि शेताच्या मधोमध संपते. गाडीवाट, आणि पुढे काही नाही! तिथेच गेलो.

माती खरंच फिकट, हाताला राखेसारखी. नांगरटीत खापरं वर आलेली, लाल आणि काळी. उचलली नाहीत, फोटो काढले. बांधाला घडीव दगड लावलेत, त्यातला एक जात्याची अर्धी तळी आहे. उंबराखाली वीरगळ, म्हणजे लढाईत पडलेल्या वीराचा कोरीव दगड, खालचा भाग मातीत, वरच्या भागावर ताजा शेंदूर आणि दोन सुकलेली झेंडूची फुलं. म्हणजे कोणीतरी येतंय.

शेजारच्या गावात विचारत गेलो. पोरांना ठाऊक नव्हतं, सरपंचांनी एका आजींकडे पाठवलं. नव्वदीच्या असतील. मी फोनवर शीट दाखवलं, त्यांना दिसलं नाही. ‘पांढर’ म्हटलं तर लगेच म्हणाल्या, ‘‘पांढरीत आमचा देव हाय.’’ त्यांच्या सासऱ्यांच्या आज्याच्या वेळेला गाव वर सरकलं, रोगराई आली होती म्हणून. देव तिथेच राहिला. चैत्री पौर्णिमेला अजून नैवेद्य जातो, आता नातसून नेते. सुकलेली फुलं तिने वाहिलेली.

मी विचारलं, विहीर होती का? त्यांनी काठी घेतली, ओसरीपुढच्या मातीत एक रेघ ओढली. ही नदी. मग गोल, ही विहीर, बुजवली. ही चावडी. इथून गाड्या यायच्या. गाड्यांच्या वाटेची ती रेघ गाव नकाशावरच्या दुहेरी तुटक रेषेला जिथे मिळायला हवी तिथेच मिळाली. त्यांनी हा गाव डोळ्यांनी पाहिलेला नाही, सासूने सांगितलेला आहे.

मी वहीत उतरवून घेत होतो. नातसून शेजारी बसली होती, ती म्हणाली, मलाही एक कागद द्या. तिने आजींना विचारून विचारून शेतांची नावं लिहिली: थोरली पट्टी, चिंचेचं, चावडीमागलं, वाण्याचं. वाण्याचं का, ते आजींनाही ठाऊक नाही. तो कागद तिच्याकडेच ठेवलाय, माझ्याकडे फोटो आहे. देवाचं नाव आणि गावाचं जुनं नावही कळलं. ते नकाशावर टाकायचं की नाही, हे ती घरी विचारून कळवणार आहे.

साखळीदार (पुढचा मंगळवार, रात्री १०.२०)

‘वाण्याचं’ म्हणजे तिथे दुकान असावं किंवा जमीन वाण्याकडे गहाण पडली असावी. टिपणाच्या जोडीला जुनं हक्कनोंद पत्रक मागा, त्यात कूळ आणि गहाण दोन्ही लागतात. अर्ज कसा लिहायचा ते व्यक्तिगत निरोपात कळवतो.

ऑस्टिनकरीण (पुढचा बुधवार, सकाळी ७.१५)

रानवाट, आजींचा मातीतला नकाशा पुसण्याआधी फोटो काढलात का?

रानवाट (पुढचा बुधवार, सकाळी ७.४०)

काढलाय, ताई. नातसुनेने संध्याकाळी अंगण झाडताना तेवढा चौकोन सोडला होता.